काय भाव गेली?

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, जालना, बुलढाणा, जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून आलेले शेतकरी कंपन्यांचे संचालक, व्यापारी मित्र, आणि मांडवाच्या मागच्या कडेला बसलेल्या माझ्या मायबहिणींनो,

स्वागताध्यक्षाला दोनच कामं असतात, असं आमच्या मंडळींनी मला बजावलंय. गावाची ओळख करून द्यायची आणि वेळेत खाली बसायचं. पहिलं करतो, दुसऱ्याची हमी नाही.

धावडा म्हणजे भोकरदन तालुक्याचं डोंगराकडचं टोक. अजिंठ्याची रांग आमच्या उशाला आहे. हंगामात संध्याकाळी इथं आलात तर मिरचीच्या खाटानं आधी दोन शिंका येतील आणि मग एकच प्रश्न कानावर पडेल: काय भाव गेली? चहाच्या टपरीवर तोच, पंक्चरच्या दुकानात तोच, मयतीहून परतणाऱ्या माणसांतही तोच. एकाची चढ्या भावानं गेली की दुसऱ्याची झोप गेली. हा प्रश्न मी चाळीस वर्षं विचारतो आहे. पण ‘तुझी का चांगली गेली?’ हे विचारायला मला त्यातली तीस वर्षं लागली. आजची परिषद त्या दुसऱ्या प्रश्नाची आहे.

पत्रिकेवर ‘बेंचमार्किंग’ असा शब्द छापलाय. तो पाहून एका जाणत्या माणसानं मला विचारलं, ‘बाकं रंगवायचा कार्यक्रम आहे का?’ बाकं नाहीत, पण खूण मात्र आहे. रस्त्याचं किंवा कालव्याचं काम निघालं की सर्वेवाले पुलाच्या कठड्यावर एक खूण करतात, शेजारी ‘बी.एम.’ लिहितात आणि उंचीचा आकडा टाकतात. तोच बेंचमार्क. पुढं प्रत्येक चढ-उतार त्या पक्क्या जागेपासून मोजायचा. धंद्यात ही खूण दगडावर नसते, आपल्यापेक्षा सरस काम करणाऱ्या माणसाच्या हातात असते. तो कसं करतो, आपण कसं करतो आणि मधे किती अंतर आहे, हे मोजून पाहायचं.

या विद्येला धंद्यात नाव मिळवून दिलं ते झेरॉक्स कंपनीनं. तहसीलसमोर उभं राहून आपण ‘दोन झेरॉक्स काढ’ म्हणतो, तीच ही. १९७९ च्या सुमारास तिच्या लक्षात आलं, की जपानी कंपन्या ज्या किमतीला यंत्र विकतात तेवढा आपला नुसता बनवण्याचाच खर्च आहे. मग त्यांनी जपान्यांची यंत्रं खोलून सुटा भाग न् भाग तपासला. इथवर कुणीही करील. मला आवडते ती पुढची गोष्ट. त्यांच्या गोदामात सुटे भाग शोधून, काढून, बांधून पाठवण्यात फार वेळ जात होता. ते शिकायला त्यांनी यंत्रवाल्यांकडं जाऊन उपयोग नव्हता, कारण तिथंही तेच रडगाणं. ते गेले अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एल. एल. बीन या कंपनीकडं. ही कंपनी टपालानं बूट आणि कपडे विकायची. लहान-मोठ्या, वेड्यावाकड्या आकाराच्या वस्तू हातानं उचलून झपाट्यानं रवाना करणं हेच तिचंही काम होतं. झेरॉक्सच्या रॉबर्ट कॅम्प यांनी १९८९ साली या सगळ्यावर पुस्तक लिहिलं आणि जगभर शब्द रूढ झाला. नकला काढायचं यंत्र विकणारी ही कंपनी, पण शिकताना तिनं नक्कल केली नाही, हे ध्यानात ठेवा.

आपण काय करतो? नक्कलच. आपल्याच जिल्ह्यातली कडवंची घ्या. १९९६ च्या सुमारास तिथं इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचं काम उभं राहिलं. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आणि विजयअण्णा बोराडे त्यामागं होते. आधी माथ्यावर पाणी अडवलं, मग बांधबंदिस्ती झाली, ओढ्यावर काम झालं, आणि नंतर शेततळी व द्राक्षबागा आल्या. लोक गाड्या भरभरून पाहायला गेले. मीही गेलो. आम्हाला दिसलं काय, तर काळं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आणि हिरवीगार बाग. परत येऊन कितीकांनी तेवढंच केलं: खड्डा खणला, कागद अंथरला आणि बोअरचं पाणी उपसून त्यात भरलं. जमिनीच्या पोटातलं पाणी उन्हात आणून वाळत घातलं म्हणा ना. कडवंचीच्या माथ्यावरचे चर पाहायला चढ चढावा लागतो, आणि तोवर जेवणाची वेळ झालेली असते.

दुसरी गंमत मोबाईलची. आमची पोरं गुंटूरचा भाव काढतात आणि इथल्या व्यापाऱ्याच्या अंगावर जातात. गुंटूरचा बाजार वाळल्या मिरचीचा, आपली जाते हिरवी. एक किलो वाळवायला हिरवी किती किलो लागते ते घरातल्या बाईला विचारा. तुलना करायची तर माप एक पाहिजे. काट्याला पासंगच नसेल तर वजन कुणाचं खरं धरायचं?

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. नाव कुणाचं घेत नाही, माझंच घेतलं तरी चालेल.

आमच्या दाजींचं वावर माझ्या वावराला लागून. जात तीच, रोपवाटिका तीच, लागवड एकाच आठवड्यात. ठिबक, मल्चिंग, औषधाचा दुकानदार, सगळं सारखं. तरी त्यांची मिरची नेहमी माझ्यापेक्षा वरच्या भावात जायची. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की व्यापारी त्यांच्या ओळखीचा आहे. हे मानलं की डोकं शांत राहतं आणि काही करावंही लागत नाही. एका वर्षी शेतकरी गटानं सक्ती केली म्हणून आम्ही दोघांनी वह्या लिहिल्या. तोडा कोणत्या तारखेला झाला, बाया किती होत्या, माल किती निघाला, किती वाजता काट्यावर गेला. हंगाम सरल्यावर वह्या शेजारी-शेजारी ठेवल्या. खताचा, औषधाचा खर्च उन्नीस-बीस. फरक होता तो तोड्यांच्या तारखांत. माझा तोडा दर वेळी तीन-चार दिवस मागं पडत होता. तेवढ्यात फळ जून होतं, काही लाल पडतं, आणि लाल दिसली की हिरव्या मालाचा भाव तुटतो.

पण तोडा मागं का पडतो? वहीत ते नव्हतं. ते सांगितलं तोडणीला येणाऱ्या एका आजीनं. ‘भाऊ,’ ती म्हणाली, ‘तुमच्या वावरात पाटी ठेवायला जागा नाही. दाजीच्या वावरात बसून तोडता येतं. तिथं किलो जास्त भरतात, मग बाया आधी तिकडंच जाणार ना!’

मी जास्त रोपं बसावीत म्हणून चार फुटांवर बेड पाडले होते, दाजींचे पाच फुटांवर. श्रावणात झाडं एकमेकांत शिरली की माझ्या सरीत पाय घालायला जागा उरत नव्हती. मजुरी किलोवर. हात अडकला की बाईची रोजी बुडते. म्हणून ती माझ्याकडं शेवटी यायची, आणि मी काट्यावर उभा राहून भावासाठी भांडत होतो. भांडण काट्यावर, दुखणं सरीत!

मागं बसलेल्या बहिणींनो, तुमचं नाव मी सुरुवातीला मुद्दाम घेतलं ते यासाठी. हंगामात तुम्ही दहा-वीस वावरं हिंडता. कुणाचं झाड कसं आहे, कुणाचा बेड किती उंच, कुणाच्या फवारणीनं हात चरचरतात, हे तुमच्याइतकं या मांडवात कुणालाच ठाऊक नाही. बेंचमार्किंग तुम्ही रोज करता, फक्त तुम्हाला कुणी विचारत नाही. दुपारच्या सत्रात तुमच्यातल्या चौघी व्यासपीठावर बसणार आहेत. स्वागत समितीत यावर थोडी कुरकुर झाली, ती मी मिटवली. मिटवली म्हणजे काय, त्या बसणार आहेत.

आणखी एक बोलतो. दूध डेअरीची चिठ्ठी आठवा. तिच्यावर लिटर असतात, फॅट असतं, एसएनएफ असतं. म्हणून शेजारणीचं फॅट जास्त लागलं की आपली बाई दुसऱ्या दिवशी विचारायला जाते, पेंड कोणती घालता? मिरचीच्या पट्टीवर काय असतं? वजन, भाव, हमाली, तोलाई. माल कसा होता याबद्दल एक अक्षर नाही. मग शिकायचं कशावरून? माझ्या व्यापारी मित्रांनो, तुम्ही पाहुणे आहात म्हणून आवाज चढवत नाही, पण पट्टीवर एक रकाना वाढवा. लांबी, जूनपणा, लाल किती निघाली, एवढं लिहा. भाव कमी द्या, पण कारण लेखी द्या.

जाता जाता आमच्या तालुक्याची एक फुशारकी. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. इथल्या दात्यांची नावं सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. इथल्या उत्खननात हस्तिदंताची एक बाहुली सापडली. तिकडं इटलीत, इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरातही भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ती निघाली, आणि अभ्यासकांना दोघींत घराणं एक दिसतं. ती मूर्ती नेमकी कुठं घडली यावर ते भांडोत बापडे. पण या पट्ट्यातल्या कारागिराचं काम रोमन घरात शोभण्याच्या तोडीचं होतं, एवढं मला पुरे. तो नुसता गल्लीतल्या शेजाऱ्याकडं पाहून छिन्नी चालवत नसणार.

असो. वेळ संपल्याची चिठ्ठी दोनदा आली.

जेवणात ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा आहे. जेवणानंतर तीन वावरं पाहायची आहेत, त्यातलं एक माझं. आता तिथं पाच फुटांवर बेड आहेत, फूटपट्टी घेऊन आलात तरी चालेल. मांडवाच्या दाराशी टेबलावर गटातल्या लोकांच्या वह्या ठेवल्यात, नफ्याच्याही आणि तोट्याच्याही. माझ्या वहीत तोट्याच्या वर्षाचं पान दुमडून ठेवलंय, ते आधी पाहा. फोटो काढा, प्रश्न विचारा. फक्त ठेच्याचे हात धुऊन मग वहीला लावा. मागच्या वेळी दोन पानं तेलानं अशी पारदर्शक झाली, की एका पानावरचा खर्च दुसऱ्या पानावरच्या उत्पन्नात दिसायला लागला.

आपणा सर्वांचं धावड्यात मनापासून स्वागत.