मोठी कंपनी येत नाही, छोटी टिकत नाही

(कामरगाव येथे युवकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आत्ता चहा घेताना एकाने विचारलं, "सर, आमच्या भागात मोठी कंपनी का येत नाही?" वऱ्हाडात हा प्रश्न सगळीकडे ऐकू येतो. मी त्याला एक जोड देतो. छोटी आली, तर ती इथे एकटी जगेल का?

आपल्या कापसापासूनच सुरुवात करू. एक क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकीची जवळपास सगळी सरकी. कापूस तसाच लांब नेला तर दोन तृतीयांश भाडं सरकीचंच पडतं. म्हणून जीन शेताजवळ आलं. आकाराने लहान, पण गावोगाव. आपली मूर्तिजापूर-कारंजा-यवतमाळ शकुंतला रेल्वे खासगी ब्रिटिश कंपनीने टाकली ती या कापसासाठीच. रुईच्या गाठी इथून जायच्या, कापड दुसरीकडे व्हायचं.

कारण गिरणी म्हणजे एका छपराखाली हजारो माणसं. त्यांना चाळी लागतात, पाणी लागतं, बाजार लागतो, म्हणजेच शहर लागतं. कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी काढली. जमशेटजी टाटांनी मात्र कापूस, कोळसा आणि रेल्वे पाहून नागपूर निवडलं आणि 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली. कापसाच्या मुलखात गिरणी आली, पण तीही शहरात. जिनाचं काम हंगामी, गिरणीचं बारमाही. खेड्याला हंगाम मिळाला आणि शहराला पगार.

मोठ्या उद्योगाकडे आणखी एक ताकद असते. तो ओसाड जागीही उभा राहू शकतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. कारखाना काढला आणि भोवती गावही उभं केलं. चार-सहा माणसांच्या कारखान्याला हे झेपत नाही. त्याचं यंत्र बिघडलं तर फिटर शेजारी हवा, सुटा भाग त्याच दिवशी मिळायला हवा, माल उधारीवर देणारा व्यापारी ओळखीचा हवा. म्हणून लहान उद्योग एकमेकांना चिकटून राहतात.

याचं उदाहरण मालेगाव. आपल्या वाशीम जिल्ह्यातलं नव्हे, नाशिकचं. 1857 नंतर उत्तरेतून आलेली मोमीन विणकर कुटुंबं तिथे स्थिरावली. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. एकेका मालकाकडे थोडे माग, पण गल्लीत सूत व्यापारी, सायझिंगवाला, बीम भरणारा, माग दुरुस्त करणारा असे सगळे. यातला कुणीही एकटा मोठा नाही, पण सगळं मालेगाव मिळून एक प्रचंड कारखाना आहे. भिवंडी आणि इचलकरंजीचंही तेच. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्याच्या आधीपासूनच कापड यंत्रमागाकडे सरकत होतं. संपाने त्याला वेग दिला. यंत्रमागावर विणलेलं कापड गिरण्यांच्या शिक्क्याने विकलं गेलं. काम संपलं नव्हतं. मोठ्या छपराखालून निघून ते हजारो लहान छपरांखाली गेलं होतं.

आता यातली कडू बाजू. 1948 चा कारखाना कायदा मूळ स्वरूपात वीज वापरणाऱ्या जागेला 10 कामगारांपासून लागू व्हायचा. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे 20 पासून. कायदा डोकी मोजतो, तीही एका आस्थापनेची. म्हणून एकच शेड कागदावर भावाच्या, मुलाच्या, बायकोच्या नावाने वाटली जाते. मालक तोच, माग तेच आणि कामगाराचा फंड गायब. लहान उद्योगाचं कौतुक करणारे याबद्दल सहसा बोलत नाहीत. आपल्याला बोलावंच लागेल. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात मुस्लिम कामगारांमध्ये स्वयंरोजगाराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसलं. गॅरेज, वेल्डिंग, शिलाई, बेकरी ही आपली कामं लहान छपराखालचीच आहेत.

मुलगा पुण्याला खोली करून राहतो. मुलीला बहुतेक घरांतून ती परवानगी मिळत नाही. (ती मिळायला हवी, यावर मी कितीही वेळ भांडायला तयार आहे.) तोपर्यंत तिच्यासाठी गावापासून बसने जाता येईल एवढ्या अंतरावरचंच काम खरं.

समृद्धी महामार्ग कारंज्याजवळून जातो. 2025 मध्ये तो पूर्ण खुला झाला. लगतच्या कृषी समृद्धी नवनगरांचा आराखडाही सरकारने मांडला. पण रस्ता दोन्हीकडे वाहतो. इथली सरकी जशी लवकर बाहेर जाईल, तसं दूरच्या मोठ्या कारखान्याचं तेलही इथे लवकर येईल. स्थानिक तेलघाणीला तो शेजार सोसेल का, हे कुणी तपासलं आहे?

म्हणून औद्योगिक भूखंडांची चर्चा निघेल तेव्हा "कंपनी कोणती?" एवढंच विचारून थांबू नका. सगळ्यात लहान भूखंड किती चौरस मीटरचा? वेल्डर, फिटर, पॅकिंगवाला यांना तो परवडेल का? दहा लहान गाळ्यांना मिळून एक पाळणाघर, एक वजनकाटा, एक प्रयोगशाळा मिळेल का? कामाला येणाऱ्या बाईसाठी कामरगावहून संध्याकाळची बस आहे का?

हे प्रश्न पुढच्या ग्रामसभेत लेखी द्या. अर्ज लिहायला कुणाला मदत हवी असेल तर मी आज इथेच थांबणार आहे.