अटलांट्याचा शरद ऋतू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा माझ्या छातीत धडधडू लागले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. या मंडळात मी आजवर हळदीकुंकवाची तबके लावली, पापड लाटले, पण बोलायला म्हणून कधी उभी राहिले नाही. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, “तुम्ही तीन महिने अमेरिकेत राहून आलात, तेथे काय पाहिलेत तेवढे सांगा.” म्हणून जे पाहिले तेवढेच सांगते.

सन २०२४ च्या सप्टेंबरात मी मुलीच्या बाळंतपणासाठी अटलांट्यास गेले. अमेरिकेच्या दक्षिणेकडे जॉर्जिया नावाचे राज्य आहे, त्याची ही राजधानी. शहर समुद्रसपाटीपासून हजारेक फूट उंच आहे. माती मात्र तांबडी, थेट आपल्या कोकणासारखी. ती पाहून मला परकेपणा थोडा कमी वाटला.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नात झाली. सगळे सुखरूप पार पडले. पण पंधरा दिवसांत माझ्या ध्यानात आले की मुलगी गप्प गप्प असते. जावईबापू सकाळी आठला कामावर जात, ते संध्याकाळी येत. त्या वस्तीत रस्त्याला पायवाट नाही, दुकान मोटारीशिवाय गाठता येत नाही, आणि मुलीला अजून मोटार चालवता येत नाही. दिवसभर चार भिंती आणि आम्ही तिघी.

तेथील एक पद्धत मला फार आवडली. बाळाला तपासायला नेले की आईलाही प्रश्नांचा एक कागद भरायला देतात. हसू येते का, झोप लागते का, विनाकारण रडू येते का, असे त्यात विचारलेले असते. आपल्याकडे बाळंतिणीला आपण दूध येते का, एवढेच विचारतो. तो कागद वाचून डॉक्टरीणबाई मुलीशी बराच वेळ बोलल्या. रोज उन्हात चालायला जा, माणसांत मिसळा, आणि बरे वाटेनासे झाले तर वाट न पाहता लगेच फोन करा, असे त्यांनी बजावले.

आता आपल्याकडे सव्वा महिना बाळंतीण घराबाहेर पडत नाही. मी मनाशी विचार केला, हा नियम कशासाठी? तिला विसावा मिळावा म्हणून. पण आपल्या घरात त्या सव्वा महिन्यात सासू, जावा, नणंदा, शेजारणी यांची ये-जा असते. कोणी न्हाऊ घालते, कोणी डिंकाचे लाडू आणून देते. माणसांनी भरलेल्या घरासाठी केलेला नियम रिकाम्या घराला कसा लागू पडावा? दुसऱ्या दिवसापासून मी बाळाला दुपट्यात गुंडाळून मुलीला घेऊन रोज अर्धा तास गल्लीत फिरू लागले.

त्या फिरण्यात शेजारच्या एका बाईंची ओळख झाली. वय सत्तरीच्या पुढे, वर्णाने काळ्या. शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मला इंग्रजी येत नाही. त्या बोलत, मुलगी मराठीत सांगे. असे सांगता सांगता मुलीची बोलती पुन्हा सुरू झाली, हे मला पुष्कळ दिवसांनी उमगले.

एक दिवस त्या बाई गरम शेंगा घेऊन आल्या. उघडून पाहते तो मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा! आपण हळवा भुईमूग निघाला की उकडतो, तशाच. जॉर्जियात भुईमूग अमाप पिकतो, त्या देशाच्या पिकातला जवळजवळ निम्मा एकट्या या राज्याचा. नवा भुईमूग निघाला की रस्त्याच्या कडेला मोठमोठ्या हंड्यांत शेंगा उकळत ठेवून विकतात. त्या दिवशी तारीख होती १ ऑक्टोबर, आणि भुईमूग पिकवणाऱ्या घरातले त्यांचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांना शंभर वर्षे पूर्ण झाली होती. पुढे त्याच डिसेंबरात ते वारले. बाई म्हणाल्या, “त्यांच्या आई तुमच्याच मुलखात राहून आल्या होत्या.” मला आधी खरे वाटेना. पण ते खरेच आहे. लिलियन कार्टर परिचारिका होत्या. १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्या पीस कोअर या संस्थेतर्फे आपल्या मुंबईजवळ विक्रोळीला आल्या आणि सुमारे पावणेदोन वर्षे तेथील कामगारांच्या वसाहतीत त्यांनी रुग्णसेवा केली. भगिनींनो, अडुसष्टाव्या वर्षी ती बाई परक्या मुलखात निघाली, आणि आपण चाळिशीतच ‘आता आमचे काय राहिले’ म्हणतो.

ऑक्टोबर लागला तशी हवा निवळली. सव्वा महिना उलटल्यावर बाईंनी आम्हांला आपल्या मोटारीतून उत्तरेच्या डोंगरात नेले. एलिजे नावाचे गाव आहे, दीड तासाच्या वाटेवर. तेथे सफरचंदांच्या बागा आहेत. पिशवीचे पैसे भरायचे आणि आपल्या हाताने फळे तोडायची. फळ ओढायचे नाही; तळहातात धरून थोडे वर उचलून पिरगाळायचे, म्हणजे फांदी न दुखावता देठासकट हातात येते. मुलीने बाळाला पोटाशी बांधले होते. पहिले फळ तोडल्यावर ती हसली. त्या महिन्यातले तिचे ते हसू मी डोळ्यांत साठवून ठेवले आहे.

वाटेवरचे डोंगर तर काय वर्णावे! झाडे पिवळी, नारिंगी, लालभडक झालेली. मी विचारले, पाने वाळतात तर वाळोत, पण रंग कुठून येतो? बाईंनी शाळेतल्या मुलीला सांगावे तसे सांगितले. दिवस लहान झाले की झाड पानातला हिरवा रंग नव्याने करणे थांबवते. हिरवा ओसरला की खालचा पिवळा दिसू लागतो. तो उन्हाळाभर तेथेच असतो, फक्त झाकलेला. लाल रंग मात्र काही झाडे त्याच वेळी नव्याने तयार करतात. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा पडला तर तो अधिक खुलतो. हिरव्याखाली दडलेला पिवळा रंग ऐकून मला आपल्यातल्या कितीतरी बायका आठवल्या. काम थोडे ओसरले की त्यांचाही मूळचा रंग दिसतो, नव्हे का?

३१ ऑक्टोबरला तेथे हॅलोविन असतो. त्या वर्षी आपली नरकचतुर्दशीही त्याच दिवशी आली. मुले भुताखेतांची, राजाराणीची सोंगे घेऊन दारोदार गोळ्या मागत फिरतात. घरी केलेला पदार्थ अनोळखी मुलांना देत नाहीत, बंद वेष्टनातलाच द्यायचा. दारात भोपळा कोरून आत दिवा ठेवतात. आम्ही भोपळ्याशेजारी रांगोळी काढून पणत्या लावल्या. मुले थांबून थांबून पाहत होती. आपल्या हादग्यात मुली घरोघर जाऊन खिरापत ओळखतात, तिचीच मला आठवण झाली. कोरलेल्या भोपळ्याच्या बिया आम्ही मीठ लावून भाजल्या. कोरायचा मोठा भोपळा पाणचट असतो, म्हणून दुसरा लहान गोड भोपळा आणून त्याचे घारगे केले. बाईंनी चार खाल्ले आणि कृती लिहून घेतली.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी घड्याळे एक तास मागे केली. त्यानंतर संध्याकाळ लवकर होई. शहरातल्या झाडांना रंग तेव्हा चढला. तेथे जुन्या आगगाडीच्या मार्गांवर शहराभोवती बावीस मैलांचा फिरायचा मार्ग करीत आहेत, त्याला बेल्टलाइन म्हणतात. तयार झालेल्या भागावर आम्ही बाबागाडी ढकलीत दोनतीनदा हिंडलो. आणि एक दिवस स्टोन माउंटनला गेलो.

शहराच्या पूर्वेला हा एकच एक प्रचंड दगडी डोंगर आहे, पायथ्यापासून आठशे फुटांवर उंच. मैलभराची चढण मी नऊवारी नव्हे पण साध्या पाचवारी लुगड्यात, कॅनव्हासचे बूट घालून चढले. मुलगी आणि बाई पायथ्याशी हिरवळीवर बसल्या. खाली आल्यावर बाई म्हणाल्या, “माझी आई या डोंगराकडे सहलीला कधी आली नाही.” कारण विचारले तेव्हा समजले. काळ्या लोकांचा छळ करणाऱ्या क्लॅन नावाच्या टोळीचे १९१५ साली याच डोंगरावर पुनरुज्जीवन झाले. गुलामगिरी टिकावी म्हणून लढलेल्या पक्षाच्या तीन पुढाऱ्यांची भव्य चित्रे त्याच्या कड्यावर कोरलेली आहेत; ते काम १९७२ साली पुरे झाले. डॉक्टर मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ च्या वॉशिंग्टनच्या भाषणात स्वातंत्र्याचा घोष करताना या डोंगराचे नाव मुद्दाम घेतले होते. किंग याच अटलांट्याचे. त्यांच्या घराजवळच्या स्मारकाच्या आवारात आपल्या गांधीजींचा पुतळा आहे, तोही आम्ही पाहिला. १९५९ साली किंग हिंदुस्थानात आले तेव्हा मुंबईत गांधीजी राहत त्या मणिभवनात मुक्कामास होते.

बाई पुढे म्हणाल्या, “म्हणून मी दर वर्षी पाने रंगली की येथे येऊन डबा खाते. माझ्या आईच्या वाटणीचाही खाते.”

भगिनींनो, तोपर्यंत मी सहलीला चैन समजत होते. घरचे सगळे उरकून वेळ आणि पैसा उरला तर करायची गोष्ट. त्या दिवशी मला कळले की मोकळ्या जागेत निर्धास्त बसून चार घास खाणे हे सगळ्यांच्या वाट्याला सहजासहजी येत नाही. ज्यांना ते मिळाले नाही त्यांना त्याची किंमत कळते. आणि माझ्या मुलीला तर ते औषधासारखे लागू पडले. निघताना तिने मोटार शिकायला नाव घातले होते, आणि दर शनिवारी ती व शेजारच्या बाई बेल्टलाइनवर जातात. तेथील महाराष्ट्र मंडळातल्या दोन मुलीही आता त्यांच्याबरोबर असतात.

मग आपल्याकडे शरद ऋतू नाही काय? कोजागिरीचे चांदणे आहे, सीताफळे आहेत, नवा भुईमूग आहे. आणि आपल्या आजीच्या काळी कार्तिकात आवळीभोजन होते. आवळ्याच्या झाडाखाली पंगत मांडून सगळ्या बायकांनी जेवायचे, हीच आपली शरदातली सहल होती. ती हळूहळू मागे पडली. झाड नाहीसे झाले म्हणून नव्हे, आपल्याला सवड नाही म्हणून.

तेव्हा मंडळापुढे माझी विनंती आहे. यंदाच्या कार्तिकात कृष्णाकाठी आवळीभोजन करावे. स्वयंपाक एकीवर न टाकता प्रत्येकीने एक पदार्थ आणावा. चालवत नाही अशा आजींसाठी रिक्षा सांगावी, तिचे पैसे मंडळाच्या शिलकेतून द्यावेत. जिच्या घरी लहान बाळ आहे तिला आपण होऊन बोलवायला जावे, आणि तिच्या सासूबाईंनाही आणावे, म्हणजे परवानगीचा प्रश्न उरत नाही. पंगतीत तिच्याशेजारी बसणारीने दूध येते का, एवढेच न विचारता, हसू येते का, हेही विचारावे.

आवळ्याच्या दोन झाडांची जागा मी पाहून ठेवली आहे. उकडलेल्या शेंगा माझ्याकडे लागल्या.