काड आधी, बियाणं मग

धिंगरी आळिंबी करणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: चांगलं बियाणं कुठं मिळेल? काड कसलं घेऊ, हे क्वचितच कुणी विचारतं. गोठ्यामागं भिजत पडलेलं, काळपट, कुबट वासाचं काड पिशव्यांत भरायचं आणि हिरवी बुरशी आली की बियाण्याच्या नावानं बोटं मोडायची!

अहो, धिंगरी जेवते ते काडच. त्यातलं सेल्युलोज आणि लिग्निन फोडून ती वाढते. पावसात भिजलेल्या काडावर दुसऱ्या बुरशा आधीच जेवून गेलेल्या असतात. जुन्या ज्वारीच्या पिठाची विरी जाते, मग कितीही मळा, भाकरी थापताना चिरतेच. तसंच हे. पिठाला निदान उकळत्या पाण्याचा आधार देता येतो. विरी गेलेल्या काडाला तोही नाही. ८० अंशांच्या पाण्यात तासभर बुडवलंत तर नको त्या बुरशा मरतील, पण त्यांनी खाल्लेलं परत कुठून येणार? म्हणून सांगतो, काड त्याच हंगामातलं घ्या. पिवळं, खडखडीत वाळलेलं.

आता पाणी. इथंही ते पीठच. सैल झालं की कामातून गेलं. निथळलेलं काड मुठीत घट्ट दाबा. तळवा ओला व्हावा, बोटांतून थेंब गळू नये. म्हणजे ६० ते ६५ टक्के ओलावा आला. थेंब गळत असताना भरलंत तर पिशवीच्या तळाशी पाणी साचतं, हवा कोंडते, धिंगरीची पांढरी जाळी वरून उतरत येते आणि तळाच्या चार बोटांवर अडून बसते. तिथं नाक लावून बघा, आंबूस वास येईल.

बटण आळिंबीला कोंबडीखत घालून कुजवलेलं कंपोस्ट लागतं. ते पाहून धिंगरीच्या काडातही खत मिसळणारे भेटतात. नका हो घालू! नत्र वाढतं, पिशवी आतून तापते आणि हिरव्या बुरशीचं फावतं.

देठ लांब आणि छत्री चिमुकली आली, तर मात्र काडाला बोल लावू नका. खोलीत हवा खेळत नाही, कार्बन डायऑक्साइड कोंडलाय.

स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय. सोयाबीनचं भुसकट राहिलंच! उत्पन्न चांगलं देतं, पण बारीक असल्यानं पिशवीत दाटतं. त्यात भाताचा पेंढा मिसळावा, किती ते पुढच्या खेपेला. आणि काड तेवढं वाळलेलं, पिवळं... नमस्कार.