अळी कात टाकायला बसते तेव्हा

शेतातून येऊन चूल पेटवता पेटवता ऐकत असाल, तर चूल चालू द्या. कान तेवढे इकडे ठेवा.

आज रेशीमअळीच्या वाढीबद्दल बोलायचं आहे. तुती कशी लावायची, शेड कशी बांधायची हे पुष्कळ जण सांगतात. पण अळी कधी खाते, कधी थांबते आणि का थांबते, हे आम्हाला नीट कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, आम्ही कानाआड केलं असेल. त्याची किंमत आमच्या गटानं तिसऱ्या बॅचला मोजली.

झालं असं. 100 अंडीपुंजांची बॅच होती. एका पुंजात साधारण 400 ते 500 अंडी, म्हणजे चाळीस-पन्नास हजार अळ्या. चौथी कात चालू होती. सकाळी शेडमध्ये गेलो तर बऱ्याच अळ्या कात टाकून मोकळ्या झालेल्या, डोकी वर करून पाला शोधत होत्या. आमच्यातल्या मावशी म्हणाल्या, "अगं, लेकरं भुकेली आहेत, टाका पाला." आम्हालाही दया आली. टाकला.

पण तिसरा हिस्सा अळ्या अजून कात टाकायच्याच होत्या. त्या पाल्याखाली दडपल्या. मोकळ्या झालेल्या खाऊन पुढे गेल्या, दडपलेल्या मागे पडल्या. आठवड्यानं एकाच रॅकवर काही अळ्या कोष करायला जागा शोधत होत्या, काही अजून पाला कुरतडत होत्या. पाल्याच्या ओलीनं रोग शिरला, अळ्या मऊ पडून मरू लागल्या. शेवटी 31 किलो कोष हातात आले. गटातून घेतलेल्या कर्जाचा हप्ता सहा जणींना घरातून भरावा लागला. एका वहिनीला त्यावरून घरी काय ऐकावं लागलं, ते इथे सांगत नाही.

म्हणून ही कात नीट समजून घेऊ. आपल्या अंगाची कातडी आपल्याबरोबर वाढते. अळीची वाढत नाही. अंगात मावेनासं झालं की जुनी कातडी सोडायची आणि आत तयार झालेली नवी घेऊन बाहेर यायचं. खेकडा असंच करतो, कोळीसुद्धा. भिंतीच्या कोपऱ्यात कधी कधी वाळका कोळी लटकलेला दिसतो, आपण मेला म्हणून झाडून टाकतो. पुष्कळदा ती नुसती त्याची कात असते, कोळी केव्हाच पुढे निघून गेलेला असतो.

रेशीमअळी चार वेळा कात टाकते, म्हणून तिच्या अवस्था पाच. पहिल्या दोन काती चॉकी सेंटरवर होतात. आपल्याकडे अळी येते ती तिसऱ्या अवस्थेत. तिसरी अवस्था तीन-चार दिवसांची, चौथी चार-पाच, पाचवी सात-आठ. मध्ये प्रत्येक कातीला साधारण एक दिवस, थंडीत थोडा जास्त.

अंड्यातून निघालेली अळी मुंगीएवढी असते. पंचवीस-सव्वीस दिवसांत तिचं वजन जवळजवळ दहा हजार पट होतं. तीन किलोचं बाळ त्याच वेगानं वाढलं असतं, तर त्याचं वजन ट्रकांत मोजावं लागलं असतं! आणि ही वाढ सारखी होत नाही. जन्मभरात जेवढा पाला अळी खाते, त्यातला 80 टक्क्यांहून जास्त शेवटच्या आठवड्यात खाते. बॅच घ्यायच्या आधी तुतीची पट्टी बघा, ती याचसाठी. सुरुवातीला पाला भरपूर वाटतो, पाचव्या अवस्थेत आपण शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन उभ्या राहतो. आणि त्या बांधापलीकडे कपाशीवर औषध मारलेलं असलं, तर तो पाला अळीला विषच.

आता ओळखायचं कसं? कातीला बसणारी अळी खाणं सोडते. अंग ताणल्यासारखं चमकतं, डोकं लहान दिसतं आणि ती ते उचलून गप्प राहते. मेली की काय असं वाटतं. हात लावू नका, रॅक हलवू नका. बहुतेक अळ्या बसल्या की बेडवर चुन्याची भुकटी पातळ धुरळायची, म्हणजे उरलेला पाला वाळतो, ओल राहत नाही. हवा खेळती ठेवायची, पण थेट वारा नको. कात टाकलेली अळी फिकट, सुरकुतलेली आणि मोठ्या डोक्याची दिसते. शंभरातल्या पंचाण्णव अशा दिसल्या की निर्जंतुक पावडर टाकायची, अर्धा तास थांबायचं आणि मगच पाला द्यायचा. आधी बाहेर आलेल्या अळ्या तेवढा वेळ उपाशी राहिल्या तरी मरत नाहीत. हे मावशींना पटायला एक बॅच जावी लागली.

उन्हाळ्याचं एक सांगायचं राहिलं. उष्णतेनं अळी लवकर मोठी होते, म्हणून आनंद मानू नका. मोठ्या अळीला 24-25 अंश मानवतं. त्याच्या फार वर गेलं की ती घाईनं वाढते आणि कोष हलका होतो. आम्ही खिडक्यांना ओलं गोणपाट लावतो, तरी मे महिन्यात बॅच घेतच नाही.

पाचव्या अवस्थेच्या शेवटी अळी पिवळसर, पारदर्शक होते आणि खाणं कायमचं सोडते. तिला चंद्रिकेवर सोडायची. दोन-तीन दिवसांत कोष पुरा होतो, पण काढायची घाई नको. आत अळीचा कोषा झालेला असतो, तो सुरुवातीला इतका कोवळा की फुटून रेशमाला डाग पडतो. पाचव्या-सहाव्या दिवशी कोष कानाजवळ हलवून बघा. खुळखुळ वाजला की काढा. फार दिवस ठेवलात तर पतंग कोष भोकसून बाहेर येतो आणि सलग धागा निघत नाही. त्या पतंगाला खाता येत नाही. काही दिवस जगतो, अंडी घालतो, संपतो. आमच्या एका काकूंनी विचारलं होतं, मग धागा काढताना आतला जीव मरतो का? हो, मरतो, उष्णता देऊन मारतात. त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. गटात आहेत अजून, पण कोष विकायला गाडीत बसत नाहीत. आम्ही आग्रह करत नाही.

पुढच्या बॅचला 68 किलो कोष निघाले. जालन्याच्या बाजारात नेले. मागचा हप्ता आणि चालू हप्ता दोन्ही फिटले. त्या वहिनीनं पहिल्यांदा आपल्या नावाचं पासबुक स्वतः जाऊन भरून आणलं.

आता शेडच्या दारावर एक वही टांगली आहे. कात कधी बसली, किती बाहेर आल्या, पाला कधी दिला, हे तिच्यात लिहायचं. पाला द्यायच्या आधी दोघींच्या सह्या लागतात. एक सही मावशींची. येत्या बुधवारी नवी चॉकी येणार आहे. बघायला यायचं तर या. फक्त पायाला चुना लावूनच आत यायचं, आणि तंबाखूची मशेरी लावून आलात तर बाहेरच थांबायचं.