पाठीवरचे बिऱ्हाड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी मला प्रवासावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. मी स्वतः काशी-प्रयागाच्या पलीकडे गेलेली नाही. म्हणून माझ्या पुतणीच्या प्रवासाविषयी बोलते. आपल्यापैकी पुष्कळजणींना तो ठाऊक आहे, कारण 2024 च्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्यावरूनच आपल्यात दोन तट पडले होते. "घरदार असलेली मुलगी पाठीवर बोचके टाकून परमुलखात एकटी हिंडते, हे बरे का?" असे एकीने विचारले. "हाती पगार आला की असेच व्हायचे," असे दुसरीने म्हटले. त्या वेळी माझ्या हातात पन्ह्याचे पेले होते, म्हणून मी उत्तर दिले नाही. आज हात मोकळे आहेत.

ही माझ्या धाकट्या दिरांची मुलगी. थायलंडमध्ये एका शाळेत गणित शिकवते. तिकडे शाळांची मोठी सुटी मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत असते. त्या सुटीत तिने घरी यावे असे ठरले होते, आणि खरे सांगायचे तर एक स्थळही पाहून ठेवले होते. तिने कळवले, "मे महिन्यात दहा दिवस येते. त्याआधी सहा आठवडे कंबोडिया, व्हिएतनाम आणि लाओस हे देश पाहून येते." धाकट्या जाऊबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत. भावजी म्हणाले, "नोकरीला पाठवली, भटकायला नाही." मी तिला फोनवर दोनच प्रश्न विचारले. बरोबर कोण, आणि रात्री निजणार कुठे? ती म्हणाली, "काकू, बरोबर कोणी नाही. निजणार बायकांच्या खोलीत."

ही बायकांची खोली म्हणजे काय, ते सांगते. तिकडच्या शहरांतून स्वस्त वसतिगृहे असतात. एका खोलीत आगगाडीसारखे खालीवर सहा-आठ बिछाने, प्रत्येकीला कुलपाचे कपाट, न्हाणीघर सामाईक. काही खोल्या फक्त बायकांसाठी राखलेल्या. देशोदेशींच्या मुली, आणि कधी साठीच्या बाईही, तिथे उतरतात. त्यांतल्या पुष्कळजणी हिच्यासारख्याच परक्या देशात शिकवणाऱ्या मास्तरणी होत्या, कोणी कोरियात, कोणी जपानात. सुटी लागली की पिशवी उचलायची, असा त्यांचा शिरस्ता.

पिशवीचे वजन सारे मिळून नऊ किलो. चार कपडे, तेही लवकर वाळणारे, एक पातळ चादर, औषधे, डासांचे मलम, पाण्याची बाटली, पासपोर्टच्या नकला. सहा आठवड्यांचा संसार नऊ किलोत! आपण दोन दिवसांच्या लग्नाला जातो तेव्हा नुसत्या साड्यांचे ओझे किती होते, ते आठवून पाहा. पैसे तिने तीन जागी ठेवले. आदल्या नवरात्रात ती आली होती तेव्हा मी तिला परकराच्या नेफ्याखाली बांधायचा चोरखिसा शिवून दिला होता. मुख्य रक्कम त्यात, रोजची वरच्या पाकिटात, आणि अडीअडचणीची पिशवीच्या तळाशी. रोज रात्री वहीत हिशेब.

निघण्याआधी आणखी एक काम होते. थायलंडमध्ये नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्याने देशाबाहेर जाण्यापूर्वी परत येण्याची परवानगी काढावी लागते. ती न काढता सीमा ओलांडली तर मूळ परवानाच रद्द होतो. एका शिक्षिकेवर तशी पाळी आल्याचे तिने ऐकले होते, म्हणून पहिली खेप कचेरीत.

मग बँकॉकहून पहाटेच्या गाडीने अरण्यप्रथेत ह्या सीमेवरच्या गावी. नाव किती आपले वाटते! तिसऱ्या वर्गाचे तिकीट 49 बाट, सुमारे सहा तास. पलीकडे पोईपेट. तिथे सरकारी कचेरीसारखी पाटी लावून दलाल बसलेले असत आणि परवान्याचे दुप्पट पैसे मागत. हिने परवाना आधीच काढला होता. "नाही, नाही" म्हणत ती सरळ चालत राहिली. नवख्या माणसाला स्टेशनवर हमाल घेरतात, त्यातलाच हा प्रकार. मात्र हा रस्ता आता गृहीत धरू नये. 2025 साली ह्या दोन देशांत चकमकी झाल्या आणि जमिनीवरची वाट बंद पडली. कोणाच्या घरी असा बेत चालला असेल तर आधी चौकशी करावी.

अंगकोर वाट हे देऊळ बाराव्या शतकात राजा दुसऱ्या सूर्यवर्म्याने विष्णूसाठी बांधले. त्याच्या ओवरीत समुद्रमंथनाचा जवळजवळ पन्नास मीटर लांब शिल्पपट आहे. एका बाजूला 92 असुर, दुसऱ्या बाजूला 88 देव, मध्ये विष्णू. फोनवर पुतणी ते मोजत होती आणि इकडे जाऊबाई प्रथमच फोन माझ्या हातून ओढून घेऊन पाहत होत्या. कुरुक्षेत्र आहे, लंकेचे युद्ध आहे. एका दिवसाचे तिकीट 37 डॉलर आणि तीन दिवसांचे 62. तिने तीन दिवसांचे काढले आणि सायकलवर हिंडली.

नोम पेन्हला गेल्यावर मात्र तिचा आवाज बसला. तिथे तुओल स्लेंग म्हणून एक जागा आहे. ते मुळात हायस्कूल. 1975 साली ख्मेर रूजची राजवट आली आणि तिने त्या शाळेचा तुरुंग केला. वर्गावर्गांतून विटांच्या आणि लाकडाच्या अरुंद कोठड्या बांधल्या. 1979 च्या जानेवारीत राजवट पडली, तोपर्यंत बारा हजारांहून अधिक माणसे तिथे डांबली गेली, आणि जिवंत बाहेर पडली ती अगदी मोजकी. त्या राजवटीत शिकलेसवरलेले असणे हाच गुन्हा होता, शिक्षकही त्यात आले. भावजींनी विचारले, "सुटीत असले कशाला पाहायचे?" ती म्हणाली, "बाबा, मी शाळेतच काम करते ना." त्यावर भावजी काही बोलले नाहीत. त्या रात्री तिने हिशेब लिहिला नाही, एवढे मला ठाऊक आहे.

व्हिएतनाममध्ये सायगावहून हनोईपर्यंत आगगाडी, 1726 किलोमीटर. 1954 साली देशाची फाळणी झाली तेव्हा ती तुटली होती, ती 1976 साली पुन्हा जोडली गेली. मध्ये दा नांगला उतरून तिने मी सोनची चाम राजांची शिवालये पाहिली. त्यांतली बरीच 1969 च्या अमेरिकन बाँबफेकीत पडली. गाडीत समोरच्या आजीबाईंनी उकडलेल्या शेंगा दिल्या, हिने त्यांना आपली लिंबाची गोळी दिली. भाषा शून्य.

जेवणाचे हाल थोडे झाले. आपण फोडणीत हिंग घालतो तसे तिकडे माशाचे पाणी घालतात, भाजीतसुद्धा. पण व्हिएतनामी भाषेत शाकाहाराला "चाय" म्हणतात. पुष्कळ लोक अमावास्येच्या नि पौर्णिमेच्या सुमारास तो पाळतात. त्या पाटीचे दुकान दिसले की पोट भरे. चहा समजून आत शिरलेल्या एका गुजराती जोडप्याला तिनेच जेवायला बसवले!

एप्रिलच्या मध्यावर ती लाओसमधील लुआंग प्रबांगला होती. तेव्हा थायलंड, लाओस, कंबोडिया तिन्हीकडे नवे वर्ष. थाई लोक त्याला सोंगक्रान म्हणतात, म्हणजे आपली संक्रांतच, सूर्य मेषेत जाण्याची. एकमेकांवर पाणी ओततात. पहाटे रस्त्याच्या कडेला बायका गुडघ्यांवर बसून भिक्षूंच्या पात्रात चिकट भात घालतात. ही लांब उभी राहून पाहत होती. पुष्कळ प्रवासी भिक्षूंच्या तोंडासमोर फोटो काढतात, ते तिला आवडले नाही, मलाही नाही.

आता एकटेपणाचा मुद्दा. आपल्या बायका आळंदीहून पंढरपूरला डोक्यावर तुळस नि खांद्यावर पिशवी घेऊन अडीचशे किलोमीटर चालतात, उघड्यावर निजतात. पंडिता रमाबाई 1878 साली कलकत्त्यास पोचण्यापूर्वी आईवडिलांबरोबर आणि ते गेल्यावर भावाबरोबर वर्षानुवर्षे पायी हिंडल्या. कोणी म्हणेल, वारीत दिंडी असते, रमाबाईंबरोबर भाऊ होता. खरे आहे. म्हणूनच पुतणीने आपले नियम केले होते. नव्या गावी अंधार पडण्याआधी पोचायचे, रोज रात्री घरी ठिकाण कळवायचे, आणि भाड्याची मोटारसायकल घ्यायची नाही. वसतिगृहात गुडघ्याला पट्ट्या बांधलेली जी मुले-मुली दिसली, ती बहुतेक त्या मोटारसायकलींचीच. दोन ठिकाणी तिला खोली आवडली नाही, तर तिने भाडे सोडून दुसरीकडे मुक्काम केला. पैसे गेले. जाऊ देत.

मे महिन्यात ती घरी आली, काळवंडलेली आणि चार किलो उतरलेली. स्थळाकडच्यांनी "एकटी हिंडलेली" म्हणून नकार कळवला. जाऊबाईंना वाईट वाटले. पुतणीला वाटले की नाही, ते तिने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. शाळा उघडली तशी ती परत गेली.

आपल्या मंडळातील एका भगिनीची मुलगी ह्या सुटीत असेच जाऊ म्हणते आहे, आणि घरी अजून होकार नाही. त्यांनी पुतणीशी फोनवर बोलावे, मी गाठ घालून देते. चोरखिशाचा कागदी नमुना मी बरोबर आणला आहे. पाव मीटर मांजरपाट आणि एक लहान चेन पुरते. ज्यांना हवा असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडून उतरवून घ्यावा.