ड्रिल लहान घ्यावं की मोठं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, पडद्याची दांडी लावायची असो, फोटो टांगायचा असो की कपाटाची निखळलेली बिजागरी बसवायची असो. काम दहा मिनिटांचं असतं, पण सुतार किंवा इलेक्ट्रिशियन यायला दहा दिवस लागतात. त्यात त्याची चूक नाही. दोन भोकांसाठी त्यानं अर्धा दिवस का मोडावा? म्हणून हल्ली बऱ्याच घरांत बॅटरीवर चालणारं, बिनवायरचं ड्रिल मशीन येऊ लागलंय. मी आयटीआयमध्ये बरीच वर्षं निदेशक होतो. त्यामुळे ओळखीचे लोक हमखास विचारतात, "सर, लहान घेऊ की मोठं?" आज त्याविषयीच बोलणार आहे.

दुकानात ढोबळमानानं दोन प्रकार दिसतात. एक १२ व्होल्टचं छोटं मशीन. बॅटरीसकट वजन साधारण एक किलो. दुसरं १८ व्होल्टचं, दीड ते दोन किलोंचं. लहानाच्या चकमध्ये बहुधा १० मिलिमीटरपर्यंतचं बिट बसतं, मोठ्याच्या चकमध्ये १३ पर्यंतचं.

आता या व्होल्टची एक गंमत सांगतो. लिथियम-आयन बॅटरीतला एक सेल नेहमीच्या वापरात ३.६ व्होल्टचा धरतात. पूर्ण चार्ज झाल्यावर तोच चारच्या आसपास जातो. छोट्या बॅटरीत असे तीन सेल असतात. म्हणून तिला कुणी १०.८ म्हणतं, कुणी १२. मोठीत पाच असतात. म्हणून कुणी डब्यावर १८ छापतं, कुणी '२० मॅक्स'. जात एकच. तेव्हा नुसता २० आकडा पाहून जास्त पैसे मोजू नका.

त्याऐवजी बॅटरीवरचा अँपिअर-अवरचा आकडा पाहा आणि त्याला व्होल्टनं गुणा. १०.८ व्होल्ट आणि २ अँपिअर-अवर म्हणजे २१.६ वॉट-अवर, १८ व्होल्ट आणि २ म्हणजे ३६. हा झाला टाकीतला साठा. मशीनचा पीळ, म्हणजे टॉर्क, न्यूटन-मीटरमध्ये देतात. छोट्याचा साधारण ३०च्या आसपास असतो, मोठ्याचा ५० किंवा त्याहून अधिक.

मग सरळ मोठंच का घेऊ नये? कारण ते हातात धरायचं असतं. स्टुलावर उभं राहून, हात डोक्याच्या वर नेऊन दोन किलो पेलणं आणि एक किलो पेलणं यातला फरक चौथ्या भोकाला कळतो. बिट मध्येच अडकलं तर मशीन स्वतःच फिरू पाहतं आणि मनगट पिरगाळतं. म्हणून मोठ्या मशीनला पुष्कळदा बाजूची मूठ देतात. ती अडगळ समजून काढून ठेवू नका. शिवाय कपाटाच्या आत, कोपऱ्यातला स्क्रू पिळायला आखूड मशीनच पोचतं.

बॅटरीचं ड्रिल तसं जुनं आहे. ब्लॅक अँड डेकर कंपनीनं ते १९६१ साली आणलं. १९७१ मध्ये अपोलो १५ चे अंतराळवीर चंद्राची जमीन खणायला बॅटरीवरचंच ड्रिल घेऊन गेले होते. अडचण होती ती बॅटरीच्या वजनाची. लिथियम-आयन आल्यावर ती बरीच सुटली आणि एक किलोचं मशीनही कामाचं ठरलं.

पण मंडळी, खरा प्रश्न मशीनचा नाहीच, भिंतीचा आहे. अमेरिकेत राहणारा भाचा फोनवर सांगतो, "मामा, छोटं घे, माझं सगळं घर त्यावर लागलं." त्याचं खरं असतं. त्याच्या भिंती बहुधा लाकडी चौकटीवर जिप्समचे तक्ते ठोकलेल्या असतात. आपल्याकडे वीट आहे, सिमेंट काँक्रीट आहे, नव्या इमारतींत हलके पांढरट एएसी ब्लॉक आहेत, कोकणात आणि गोव्यात जांभा आहे.

भिंत कोणती हे ओळखायचं कसं? भोक पाडताना पडणारी भुकटी पाहा. गिलाव्याच्या मागून लाल भुकटी आली, तर वीट. हॅमरची सोय असलेलं छोटं मशीन विटेत ६ मिलिमीटरचं भोक बऱ्यापैकी पाडतं. मऊ, पांढरट भुकटी भसाभस आली, तर एएसी ब्लॉक. तिथे हॅमर बंद ठेवा, नाहीतर भोक मोठं होऊन रावलप्लग सैल बसेल. जांभ्यालाही हेच, आणि प्लग जरा लांब घ्या. पण करडी भुकटी चिमूटभर आली आणि बिट जागच्या जागी फिरू लागलं, तर समजा काँक्रीट लागलं.

आणि हे काँक्रीट नेमकं कुठे असतं? कॉलममध्ये, बीममध्ये आणि खिडकीच्या माथ्यावरच्या लिंटेलमध्ये. म्हणजे जिथे पडद्याची दांडी लावायची, बरोबर तिथेच! अॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या काही नव्या इमारतींत तर आतल्या भिंतीही काँक्रीटच्याच असतात.

इथे लोकांचा समज होतो की, लहानानं जमत नाही, तर मोठं घ्यावं. १८ व्होल्टचं हॅमर ड्रिल काँक्रीटमध्ये एखादं भोक पाडेल, पण रडतखडत. कारण त्यातला हॅमर म्हणजे दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि बिटाला बारीक धक्के देतात. आपण जेवढं रेटू, तेवढाच ठोका. रोटरी हॅमर नावाचं मशीन निराळं. त्यात दट्ट्या हवेच्या दाबानं बिटावर घाव घालतो. आपण फक्त धरून ठेवायचं. तेव्हा लहान ड्रिल जिथे अडतं, तिथे मोठं ड्रिल हे उत्तर नव्हे, वेगळं मशीन हे उत्तर आहे.

म्हणून माझा सल्ला असा. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि काम फर्निचरचं, बिजागऱ्यांचं, विटेतल्या चार भोकांचं असेल, तर हॅमरची सोय असलेलं १२ व्होल्टचं मशीन पुरे. काँक्रीटमधली सगळी भोकं घर लावतानाच, रोटरी हॅमरवाल्याला एकदा बोलावून एका दिवसात पाडून घ्या. बंगला असेल, शेतावर लोखंडी अँगल आणि जाड लाकडाचं काम निघत असेल, तर १८ व्होल्टचं घ्या. तिथे त्याचा पीळ कामी येतो.

काही कामं मात्र दोन्ही मशीनांना देऊ नका. २५ लिटरच्या गीझरमध्ये पाणीच २५ किलो असतं. न्हाणीघरात म्हाताऱ्या माणसांसाठी आधाराची दांडी लावतात, तिच्यावर तर घसरणाऱ्या माणसाचा सगळा भार एका झटक्यात येतो. ती भिंतीतून उपटली, तर मोडतं ते माणसाचं हाड. तिथे योग्य अँकर आणि जाणता कारागीर हवाच.

परदेशातून कुणी मशीन आणणार असेल, तर चार्जर तपासा. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०ची. चार्जरवर '१०० ते २४०' लिहिलेलं नसेल, तर तो इथे जळेल. शिवाय एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला बसत नाही. म्हणून गावात जिची बॅटरी आणि दुरुस्ती मिळते, तीच कंपनी घ्या.

वापरताना डोळ्यांना चष्मा हवा. ओढणी, पदर, लांब केस बांधलेले हवेत. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, आत वायर असते. टाइलवर हॅमर बंद, वेग कमी. बॅटरी उन्हातल्या गाडीत ठेवू नका, महिनोन्‌महिने रिकामीही ठेवू नका. आणि ती संपली की कचऱ्यात टाकू नका. २०२२च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे; दुकानदाराला विचारा.

शेवटी, खरेदीला जाल तेव्हा घरात जी व्यक्ती ते वापरणार आहे, तिला बरोबर न्या. आजी वापरणार असतील, तर आजींना न्या. बॅटरी लावलेलं मशीन हात वर करून मिनिटभर धरायला सांगा. हात थरथरला, तर ते मशीन परत ठेवा, मग डब्यावर कितीही मोठा आकडा असो. जे पेलवत नाही, ते माळ्यावर जाऊन पडतं आणि आपण पुन्हा दहा दिवस सुताराची वाट पाहत बसतो.