अंगावरील उपकरणे आणि विजेची काटकसर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पापनाशम येथे केलेले भाषण)



आम्ही कलाशाखेचे पदवीधर; विज्ञान हा आमचा प्रांत नव्हे. आजच्या विषयाकडे आम्हांला एका घरगुती प्रसंगाने वळविले. आमच्या वृद्ध मातोश्रींच्या मनगटावर घड्याळवजा उपकरण असते. त्या पडल्या तर ते जवळच्या मोबाईलमार्फत आम्हांला इशारा देते. एका रात्री त्या खरोखरच पडल्या. इशारा मात्र आला नाही. उपकरण निर्दोष होते, पण त्या वेळी ते मेजावर चार्जिंगला लावलेले होते. हाड मोडले नाही हे दैव. तरी पहाटेपर्यंत त्या जमिनीवरच होत्या. तेव्हा आम्हांस उमगले, की अशा उपकरणातील विजेची बचत हा पैशाचा प्रश्न नाही. ते जितका वेळ चार्जिंगला, तितका वेळ माणूस पहाऱ्याविना. ज्यांचे आईवडील एका गावी आणि मुले दुसऱ्या, अशा आपल्या कुटुंबांना हे अधिक सांगणे नलगे.

मग बॅटरीच मोठी का करू नये? येथून जवळच, तिरुप्पालैत्तुरै येथे नायक राजांच्या काळचे विटांचे धान्यकोठार आहे. भूमीवर कोठार हवे तेवढे बांधता येते. मनगटावर किंवा कानात ते कसे बांधावे? तेथे दाणा जपून काढणे हाच उपाय. आणि या उपकरणांत बिनतारी संदेशवहन ही खर्चाची एक मोठी बाब असते.

थोडा हिशेब मांडू. नाण्याएवढ्या सीआर २०३२ या सेलमध्ये सुमारे २२० मिलिअँपिअर-तास वीज असते. संदेशयंत्र अखंड चालू राहून १० मिलिअँपिअर प्रवाह घेऊ लागले, तर सेल २२ तासांत रिता होईल. तेच यंत्र दर सेकंदाला केवळ ३ सहस्रांश सेकंद जागे राहिले, तर सरासरी प्रवाह ०.०३ मिलिअँपिअरवर येतो आणि तोच सेल सुमारे ७,३०० तास, म्हणजे दहा महिने पुरतो. इतर भागांचा खर्च धरता प्रत्यक्षातील काळ कमी भरेल. तथापि अंतर ध्यानात यावे. २०१० साली ब्लूटूथच्या चौथ्या आवृत्तीत आलेली अल्पऊर्जा पद्धती याच तत्त्वावर उभी आहे. येथे बोलण्याइतकाच ऐकण्यालाही खर्च येतो. कोणी हाक मारील म्हणून सतत कान टवकारून बसणे परवडत नाही. म्हणून दोन्ही यंत्रे आधी वेळ ठरवितात, त्या क्षणी जागी होतात, दोन शब्द बोलतात आणि पुन्हा झोपी जातात.

ही काटकसर आपल्याला अपरिचित नाही. तंजावरच्या सरस्वती महालात आपल्या पूर्वजांची मोडी कागदपत्रे जपलेली आहेत. मोडी लिहिणारा वारंवार बोरू उचलीत नसे, आणि ‘सा. न. वि. वि.’ एवढ्या चार अक्षरांत साष्टांग नमस्कारासह विनंती पोहोचत असे, कारण संकेत दोघांनाही ठाऊक असे. यंत्राचेही तसेच आहे. प्रत्येक वेळी जागे होण्यास वीज लागते; म्हणून ते अनेक नोंदी साठवून एकदम पाठविते. नाडीचा प्रत्येक ठोका न कळविता मनगटावरच गणित करून सारांश तेवढा धाडते, कारण पुष्कळदा पाठविण्यापेक्षा मोजणे स्वस्त पडते. हे मोजणे स्वस्त व्हावे म्हणून झटलेल्यांत चेन्नईत जन्मलेले अनंत चंद्रकासन हे एक. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या १९९२ च्या निबंधाचा आशय असा : विद्युद्दाब निम्मा केला की दर क्रियेची ऊर्जा चतुर्थांशावर येते, त्यामुळे मंदावलेला वेग कामे समांतर वाटून भरून काढावा.

आपल्या हातीही काही आहे. ब्लूटूथच्या लहरी शरीरातील पाण्यात शोषल्या जातात. घड्याळ डाव्या हाती आणि मोबाईल उजव्या खिशात असेल, तर मध्ये शरीर येते, संदेश हुकतात आणि पुन्हा पाठवावे लागतात. दोन्ही एका बाजूस ठेवावीत. पडदा अखंड उजळलेला ठेवू नये. नको त्या सूचना बंद कराव्यात.

परंतु काटकसर कोठे थांबवावी हेही कळले पाहिजे. दिवसभराच्या पावलांची मोजणी तासभर थांबली तरी बिघडत नाही. पडल्याचा इशारा क्षणभरही थांबता कामा नये. पहिल्या ठिकाणी वाचवायचे ते दुसऱ्या ठिकाणी खर्चता यावे म्हणून. उपकरण घेताना ‘बॅटरी किती दिवस चालते’ एवढेच न विचारता ‘इशारा चालू ठेवून किती दिवस चालते’ असे विचारावे.

आमच्या घरी आता ते उपकरण रात्री चार्जिंगला लावीत नाहीत. दुपारी शेजारच्या बाई मातोश्रींजवळ गप्पांना येऊन बसतात, तेवढ्या वेळात ते काम उरकते. यंत्राच्या विश्रांतीच्या वेळी माणसाने जागे राहावे, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.